दुपारी हँग होणारा रास्पबेरी पाय: नागपुरातल्या एका अभ्यासिकेचं प्रकरण

नागपुरात उन्हाळ्यात कोणतंही मशीन बंद पडलं की कारण आधीच ठरलेलं असतं, "गरम होऊन राहिलं असन." २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदलं गेलंय, त्यामुळे लोकांचं चुकतं असंही नाही. हे प्रकरण लिहायचं कारण एवढंच की इथे मशीन (रास्पबेरी पाय नावाचा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय') खरोखर गरम होत होतं, हात लावला तर चटका बसायचा, पण गरम होणं हे शेवटचं टोक होतं. सुरुवात भलतीकडेच होती आणि मधे सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम होता, जो इंटेलच्या प्रोसेसरवर वर्षानुवर्षं निमूट चालला आणि पायमधल्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवर आल्यावर पिसाळला.

जागा म्हणजे नंदनवन भागातली एक अभ्यासिका. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, सगळी पोट्टे-पोट्टी सकाळपासून बसलेली, हॉलच्या दोन खिडक्यांना कूलर, काउंटरवर काका. आत एक लोकल सर्व्हर, त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका, पेपरची कात्रणं, काही सरांनी परवानगी देऊन ठेवलेले लेक्चरचे व्हिडिओ, आणि दाराशी लावलेल्या कार्ड रीडरची हजेरी. हे सगळं एका जुन्या टॉवर पीसीवर चालायचं. कूलरची ओलसर हवा आणि रस्त्यावरची धूळ मिळून त्याच्या पंख्यावर चिखलाचा थर बसलेला, आणि लाईट गेली की इन्व्हर्टर आधी यालाच पाजायचा. टॉवर ८० वॅट खातो असं धरलं तरी चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला साधारण ५८ युनिट. पाय ४ आणि एक एसएसडी मिळून ८ वॅट धरले तर सहा युनिटच्या आत. काकांना हा हिशोब कागदावर करून दाखवला, त्यांनी बाकी काही विचारलंच नाही, "घेऊन टाका" म्हणाले.

ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र वाद झाला. तिथलाच एक विद्यार्थी, जो फावल्या वेळात हा सर्व्हर सांभाळतो (पुढे त्याला नुसतं पोरगा म्हणतो), त्याला फ्रीबीएसडीच (लिनक्ससारखीच युनिक्स वळणाची एक मोफत सिस्टिम) टाकायचं होतं. मागणी वेडी नव्हती. फ्रीबीएसडीने २०२१ मधे १३ व्या व्हर्जनपासून ६४ बिट एआरएमला पहिल्या दर्जाचा सपोर्ट दिला, म्हणजे सिक्युरिटी पॅच आणि तयार पॅकेज इंटेलच्या बरोबरीने, आणि झेडएफएस ही फाईल सिस्टिम हातात मिळते ते वेगळंच. पाय ४ वर टाकूनही पाहिलं, इथरनेट लगेच चाललं, बोर्डावरचं वायफाय नाही चाललं. ते आम्हाला लागणारही नव्हतं, राऊटर वेगळा होता. मी तरी लिनक्सच म्हटलं, कारण हा पोरगा कुठेतरी पोस्टिंग घेऊन निघून गेला की मागे येणाऱ्याला डेबियन (रास्पबेरी पाय ओएस ज्यावर बेतलंय ते लिनक्स) येत असण्याची शक्यता जास्त, आणि दुसरं म्हणजे पायच्या व्होल्टेज-तापमानाची सगळी माहिती सरळ काढून देणारी अवजारं रास्पबेरी पाय ओएसमधे आधीच बसवलेली असतात. त्या दुसऱ्या कारणाने पुढे आमचा जीव वाचवला.

सामान हलवताना फार त्रास झाला नाही, पण एक गंमत सांगण्यासारखी आहे. पोराने पहिल्यांदा ३२ बिटची इमेज टाकली होती. हजेरीचा वेब प्रोग्राम गो भाषेतला, जुनी फाईल इंटेलची, ती चालवली तर 'एक्झेक फॉरमॅट एरर', हे अपेक्षितच. मग त्याने यूनेम ही कमांड मारून पाहिली, उत्तर आलं एआर्च६४ (६४ बिट एआरएम), म्हणून ६४ बिटची फाईल आणून ठेवली, तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) म्हणतो 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. फाईल समोर दिसतेय, परमिशन बरोबर, आणि शेल म्हणतो अशी फाईलच नाही! तो अर्धी रात्र त्या फाईलचं नाव बदलत बसला होता. झालं असं होतं की २०२३ पासून पाय ४ वर ३२ बिटच्या इमेजमधेही कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६४ बिटचाच उचलला जातो, यूनेम कर्नलचं सांगतं, वरचं सगळं युजरलँड (बाकीचे प्रोग्राम आणि लायब्ररी) मात्र ३२ बिटचंच असतं. ६४ बिटच्या प्रोग्रामला लागणारा लोडर (त्याला मेमरीत घेऊन सुरू करणारा) तिथे नसतो, आणि 'अशी फाईल नाही' ही तक्रार त्या लोडरबद्दल असते. डीपीकेजीला (पॅकेज सांभाळणारी कमांड) आर्किटेक्चर विचारलं की खरं उत्तर मिळतं, आर्मएचएफ, म्हणजे ३२ बिट. मग ६४ बिटची लाईट इमेज टाकली, गो चा प्रोग्राम पायवरच कंपाईल केला कारण त्यात एसक्यूलाइट या डेटाबेसचा सी मधला भाग होता, आणि हजेरीची एसक्यूलाइट फाईल जशीच्या तशी कॉपी केली. तिचा फॉरमॅट प्रोसेसर बघत नाही. रूट (सिस्टिमच्या सगळ्या फाईली) एसएसडीवर घेतला, बूट ऑर्डर ०एक्सएफ४१ ठेवली, जी उजवीकडून वाचायची: १ म्हणजे आधी एसडी कार्ड, ४ म्हणजे मग यूएसबी, एफ म्हणजे परत पहिल्यापासून. फेब्रुवारी, मार्च छान गेले. वीज बिल आलं, काका खूश.

एप्रिल संपता संपता तक्रारी सुरू झाल्या. दुपारी दोन-अडीचनंतर व्हिडिओ अडकायचे, मग पान उघडायचं पण हजेरी लागायची नाही, मग काहीच नाही. काका उठायचे, पायची वायर काढायचे, परत लावायचे, चालू. "सकाळी बराबर चालते, दुपारी काहून मरते? गरमच होते ना बाप्पा हे." डबी माळ्यावर ठेवलेली, वर टिनाचं छत, बंद प्लास्टिकची केस. बघणारा कोणीही हेच म्हणाला असता. पोराने एक छोटा पंखाही आणून लावला, थोडा फरक पडला, आणि त्यामुळे सगळ्यांची खात्री आणखीच पक्की झाली.

मला अडचण ही होती की पुरावा काहीच उरत नव्हता. पायच्या फर्मवेअरमधे एक आकडा असतो, गेट-थ्रॉटल्ड मारलं की मिळतो, बोर्ड चालू झाल्यापासून कधी व्होल्टेज कमी पडलं का, कधी वेग कापला गेला का, कधी तापमानाची मर्यादा ओलांडली का, हे त्यात साठून राहतं. पण रीबूट झाला की तो शून्य. काका वायर काढायचे म्हणजे दरवेळी पुरावा पुसायचे. वरून पोराने एसडी कार्ड वाचवायला म्हणून लॉग रॅममधे ठेवणारं लॉग२रॅम बसवलेलं. रूट एसएसडीवर गेल्यावर त्याची गरजच नव्हती, पण ते तसंच राहिलं, आणि वायर काढली की लॉगही गेले. तेव्हा पहिलं काम म्हणजे ते काढून टाकलं, लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवणारा आरसिसलॉग बसवला, सगळे लॉग काउंटरच्या पीसीवर पाठवायला लावले (एसएसडी स्वतःच बोंबलली तर तिच्यावर लॉग कोण लिहिणार), आणि क्रॉनमधे (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला तापमान, वेग आणि तो आकडा लॉगमधे टाकायची एक ओळ. काकांना हात जोडून सांगितलं की पुढच्या वेळी हात लावू नका, पोराला हाक मारा.

मग आकडे यायला लागले. सकाळी ०एक्स०. दुपारी सव्वादोनच्या सुमारास ०एक्स५००००, आणि तापमान तेव्हा ६३. आता हा ५ म्हणजे ४ अधिक १. त्या जागेवर १ चा अर्थ व्होल्टेज कमी पडून गेलं, ४ चा अर्थ त्यामुळे वेग कापला गेला, आणि तापमानाच्या मर्यादेचा असतो ८. तो ८ त्यात नव्हताच. पाय ४ तापमानामुळे वेग कापायला ८० अंशाच्या पुढे सुरुवात करतो, आपण ६३ वर होतो. पाठोपाठ कर्नलची ओळ, 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड', काही सेकंदांनी 'व्होल्टेज नॉर्मलाइज्ड', परत तेच. चार वाजेपर्यंत मात्र तापमान ८२ वर गेलेलं आणि त्या ५ च्या जागी डी आलेला, सोळाच्या मोजणीत डी म्हणजे १३, म्हणजे ८ अधिक ४ अधिक १. आधी व्होल्टेज पडलं आणि उष्णता मागून आली, हा क्रम एवढा स्पष्ट होता की पंख्यावरची चर्चा तिथेच थांबली. पण उष्णता मागून का आली हा प्रश्न उरलाच, कारण व्होल्टेज कमी पडल्याने काही कोणी गरम होत नाही.

आधी व्होल्टेज. पायला लावला होता फोनचा चार्जर, त्यावर छान मोठ्या अक्षरात ३ अँपिअर लिहिलेलं, आणि काउंटरपासून माळ्यापर्यंत पोचावी म्हणून घेतलेली लांब बारीक केबल. चार्जर देतो ५ व्होल्ट. केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.२ ओहम धरा, अशा केबलला तो सहज असतो. दीड अँपिअर ओढले तर केबलमधेच ०.३ व्होल्ट गळतात, बोर्डाला ४.७ मिळतात, चालतं. दोन अँपिअर ओढले तर ०.४ गळतात, ४.६ उरतात, आणि पायची इशाऱ्याची रेषा आहे ४.६३. म्हणजे सकाळ आणि दुपार यात फरक अर्ध्या अँपिअरचा. दुपारी बाहेर ऊन असल्याने सगळी पोरं कूलरपाशी आत बसलेली, एकाच वेळी व्हिडिओ चालू, एसएसडी पूर्ण कामावर, आणि त्यातच लाईटची ये-जा, इन्व्हर्टर घेईपर्यंतचा तो क्षणभराचा खड्डा. मूळ ॲडाप्टर ५.१ व्होल्टचा आणि जाड पक्क्या वायरचा का असतो ते इथे कळतं, तो वरचा ०.१ याच गळतीसाठी ठेवलेला आहे. टॉवर पीसीमधे ही सगळी कटकट एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) गुपचूप सांभाळतो, अशा छोट्या बोर्डावर ते काम तुमच्या चार्जरचं आणि वायरचं.

व्होल्टेज पडलं की यूएसबीवरची एसएसडी रीसेट व्हायची, डीमेसेजमधे (कर्नलचे संदेश) यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) अबॉर्टच्या ओळी, मग 'रीसेट सुपरस्पीड', आणि एखाद्या वेळी वेळेत परत आली नाही की ईएक्सटी४ ही फाईल सिस्टिम स्वतःला रीड-ओन्ली करून बसायची. पान दिसतंय पण हजेरी लागत नाही हे कोडं इथे सुटलं, वाचणं चालू, लिहिणं बंद. यूएएसच्या ओळी दिसल्या की बरेच जण लगेच एसएसडीच्या केसचा आयडी टाकून कर्नलला यूएएस बंद करायला सांगतात. काही केसेसना ते खरंच लागतं. पण वीजच अपुरी असताना ते केलं तर रीसेट थोडे कमी होतील, वेग पडेल आणि मूळ कारण झाकलं जाईल, म्हणून मी ते करू दिलं नाही.

आता उष्णता. टॉप (कोण किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी कमांड) लावला तर एक प्रोग्राम एक अख्खा कोअर खाऊन बसलेला, १०० टक्के, आणि तो निघाला कार्ड रीडर वाचणारा. हा कोणीतरी फार पूर्वी सी मधे लिहिलेला, चाळीसेक ओळींचा, रीडरच्या सिरियल पोर्टवरून एकेक अक्षर उचलायचं, आकडा असेल तर ठेवायचं, नसेल तर सोडायचं, ओळ पूर्ण झाली की हजेरी पाठवायची. त्याला एस-ट्रेस (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या, म्हणजे सिस्टिम कॉल, दाखवणारं अवजार) लावला तर एकदम शांतता, एकही सिस्टिम कॉल नाही. म्हणजे कर्नलला काहीच विचारत नाही, आपल्या आपल्यातच गरगरतोय. मग जीडीबी या डीबगरने पकडून त्या अक्षराच्या व्हेरिएबलची किंमत काढली, २५५.

ज्यांनी सी केलंय त्यांना इथे हसू आलं असेल. एकेक अक्षर देणारं गेटकॅर फंक्शन इनपुट संपल्याची खूण (ईओएफ) म्हणून उणे १ देतं. लिहिणाऱ्याने ते उत्तर इंटमधे (पूर्णांकाचा टाईप) न घेता कॅरेक्टर टाईपच्या व्हेरिएबलमधे घेतलं होतं आणि त्याचीच ईओएफशी तुलना केली होती. इंटेलच्या लिनक्सवर साधं कॅरेक्टर चिन्हासकट असतं, उणे १ हे उणे १ च राहतं, तुलना जुळते, लूप संपतो. एआरएमच्या लिनक्सवर तेच कॅरेक्टर बिनचिन्हाचं असतं, उणे १ चे होतात २५५, आणि २५५ काही उणे १ च्या बरोबर नसतात, त्यामुळे लूप कधी संपतच नाही. आणि नव्या जीलिबसीमधे (लिनक्सची सी लायब्ररी) एकदा ईओएफ लागला की तो चिकटून राहतो, परत कर्नलला विचारलं जात नाही, म्हणून एस-ट्रेसमधे ती शांतता.

मजा म्हणजे पोराने हाच प्रोग्राम आधी मित्राच्या मॅकबुकवर तपासला होता, एम१ वाला, तोही एआरएमच आणि तीही युनिक्सच. तिथे तो नीट बंद झाला. म्हणून "एआरएमचा प्रॉब्लेम नाही" असं त्याने यादीतून खोडून टाकलेलं. तपासायची पद्धत बरोबर होती, पण ॲपलने आपल्या एआरएमवर कॅरेक्टर चिन्हासकटच ठेवलंय, लिनक्स एआरएमच्या मूळ नियमाने जातो. एकाच जातीचा प्रोसेसर, दोन सिस्टिम, दोन उत्तरं. हे कोणाला न सांगता कळायची गोष्ट नाही.

आता साखळी जोडा. दुपारी लोड वाढतो, व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं, यूएसबीवरचा कार्ड रीडर गळून पडतो, प्रोग्रामला ईओएफ मिळतो, तो थांबायच्या ऐवजी गरगरायला लागतो, एक कोअर अखंड पेटलेला, वर टिनाखाली बंद डबी, दीड-दोन तासात ८० पार. आणि जास्त कोअर चालला म्हणजे आणखी करंट, म्हणजे व्होल्टेज आणखी खाली. जुन्या टॉवरवर रीडर गळत नसेल असं नाही, पण तिथे प्रोग्राम गपचूप संपायचा आणि बाहेरची शेल स्क्रिप्ट पाच सेकंदांनी त्याला परत उठवायची, कोणाला पत्ताच नाही. पंख्याने फरक का पडला तेही यातच आलं, तो साखळीच्या शेपटाला वारा घालत होता.

दुरुस्ती बघाल तर किरकोळ. सी मधे एक शब्द, कॅरेक्टरच्या जागी इंट. घाईच असती तर जीसीसी या कंपायलरला साइन्ड-कॅर चा फ्लॅग देऊनही भागलं असतं, पण सोर्स हातात असताना ती मलमपट्टी कशाला. जाता जाता पोराला एक्स्ट्रा वॉर्निंग चालू करून कंपाईल करायला लावलं, तर जीसीसीने स्वतःच सांगितलं की ही तुलना कायम खरीच येणार. इंटेलवर ती वॉर्निंग येत नाही, कारण तिथे तुलना कायम खरी नसते. दुसरं, बोर्डाचा मूळ ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडाप्टर, आणि एसएसडी स्वतःची वीज असलेल्या हबवर, कारण पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. तिसरं, डबी माळ्यावरून काढून काउंटरच्या मागच्या भिंतीवर, प्लास्टिकऐवजी ॲल्युमिनियमच्या केसमधे. काकांना हेच पहिलं करायचं होतं, आम्ही शेवटी केलं, कारण आधी केलं असतं तर आकडे बदलले असते आणि काय कशामुळे झालं ते कळलं नसतं. नवतपाभर तो आकडा ०एक्स० वर राहिला, तापमान साठीच्या आत.

लॉग चाळताना आणखी एक भानगड सापडली. पाय ४ वर घड्याळाची बॅटरी नसते. लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला, परत आली तेव्हा राऊटर उठायच्या आधी पाय उठलेला, तर वेळ मागच्याच तासाची, आणि दोन-चार पोरांची हजेरी ते यायच्या आधीच लागलेली. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ लावून कॉन्फिगमधे त्याचा ओव्हरले (बोर्डाला त्या घड्याळाची ओळख करून देणारी ओळ) टाकला, विषय संपला. फक्त हे घड्याळ घेताना बघून घ्या, स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा सेल चार्ज करायचं सर्किट असतं, ते रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी असतं, त्यात साधा सीआर२०३२ ठोकला तर तो फुगू शकतो. चार्जिंगचा तो एक रेझिस्टर काढून टाकायचा, नाहीतर योग्य सेल घालायचा.

काकांचा आता दुसऱ्या शाखेसाठी पाय ५ घ्यायचा विचार चाललाय, आणि फोनवर पहिला प्रश्न आला, "तो जुना ३ अँपिअरवाला ॲडाप्टर चालन ना त्याले?" बोर्ड चालू होईल, पण ५ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडाप्टर ओळखला नाही तर पाय ५ सगळ्या यूएसबीला मिळून ६०० मिलीअँपिअरच देतो, एसएसडी आणि रीडर त्यावर लावायचे म्हणजे परत तीच दुपार. ५ अँपिअरचाच घ्या म्हणून सांगितलंय. घड्याळ त्या बोर्डावर आधीच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी मागवावी लागते, तीही यादीत टाकली.